सॅलरी स्लिपमधली पीएफची ओळ आणि तीन दारांचा टॅक्स

सॅलरी स्लिप हातात आली की नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. वरच्या कपातीच्या रकान्यात पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि टीडीएस अशा तीन ओळी असतात आणि तिघींकडे आपण सारख्याच रागाने बघतो. प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये (फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००) सरकारजमा झाले, तो विषय संपला. टीडीएसही गेला. पीएफ मात्र कुठेच गेलेला नसतो. तो तुमच्याच नावावर, तुमच्याच पैशाने वाढत असतो आणि वर कंपनीकडून तेवढीच भर पडत असते.

निवृत्तीसाठीच्या कुठल्याही खात्याला टॅक्सच्या नजरेतून तीन दारं असतात. पैसा आत जातो ते पहिलं, आत राहून वाढतो ते दुसरं आणि बाहेर येतो ते तिसरं. प्रत्येक दाराशी सरकार टॅक्स घेऊ शकतं किंवा सोडू शकतं. बँकेच्या एफडीत पहिल्या दाराशी सूट नाही (पाच वर्षांची टॅक्स सेव्हर सोडली तर), दुसऱ्या दाराशी व्याजावर दरवर्षी टॅक्स. पीपीएफमध्ये (कुणालाही उघडता येणारं सरकारी भविष्य निर्वाह खातं) तिन्ही दारं मोकळी. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) पहिली दोन मोकळी आणि तिसरं अर्धवट उघडं.

गंमत अशी की आपल्याकडे सगळी चर्चा पहिल्या दारापाशी अडकलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसातून 'इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्या' असा मेल आला की धावपळ सुरू होते, ८०सीचे (गुंतवणुकीवर टॅक्सची सूट देणाऱ्या कलमाचे) दीड लाख भरले की संपते. खरी कमाई दुसऱ्या दाराशी आहे. हिशेब करून बघा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ७ टक्क्यांची एफडी केली, तर सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून त्याच्या हातात ४.८ टक्के राहतात. पीपीएफचे ७.१ टक्के पूर्ण ७.१ राहतात. १ लाख रुपये १५ वर्षं ठेवले तर एफडीत सुमारे २.०२ लाख, पीपीएफमध्ये सुमारे २.८० लाख. खालच्या टप्प्यात असाल तर फरक कमी पडेल, पण पडेल.

नव्या टॅक्स रिजिममध्ये (दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत अशी कररचना) ८०सीची सूट मिळत नाही. म्हणजे पहिलं दार बंद झालं, दुसरं नाही. पीएफ आणि पीपीएफचं व्याज नव्या रिजिममध्येही करमुक्तच आहे. 'आता ८०सी नाही, मग पीपीएफ कशाला भरू' म्हणून खातं वाऱ्यावर सोडणारे बरेच आहेत. त्यांनी सोडलं ते छोटं बक्षीस नाही, मोठं.

(१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी अजून ८०सीच आहे, म्हणून इथेही जुनेच क्रमांक ठेवलेत.)

पीएफ: स्लिपवर दिसतं त्यापेक्षा जास्त

२० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो. बेसिक अधिक महागाई भत्ता याच्या १२ टक्के तुमच्या पगारातून जातात आणि तेवढेच कंपनी भरते. समजा पगार ६०,००० आणि त्यात बेसिक ३०,०००. तुमचे ३,६०० कापले. कंपनीचे ३,६०० मात्र सगळेच्या सगळे तुमच्या पीएफमध्ये येत नाहीत. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात आणि उरलेले २,३५० पीएफमध्ये. हा १,२५० चा आकडा येतो कुठून? ईपीएससाठी पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे आणि त्याचे ८.३३ टक्के म्हणजे १,२५०. बेसिक ३० हजार असो वा ३ लाख, पेन्शनचा वाटा तेवढाच.

काही कंपन्या १२ टक्केही १५,००० वरच धरतात. स्लिपवर पीएफ १,८०० दिसत असेल तर तुमची त्यातली आहे. कायद्याने चालतं. पण नवी नोकरी घेताना हा प्रश्न आधी विचारा, आणि कंपनीचा वाटा सीटीसीच्या आत धरलाय का हेही. बहुतेक ठिकाणी धरलेला असतो. म्हणजे 'कंपनी वर भरते' म्हणतो तो पैसाही तुमच्याच पॅकेजातून आलेला.

आपल्या उदाहरणात पीएफमध्ये दरमहा ५,९५० जमा होतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी व्याजदर ८.२५ टक्के होता. पगार एक रुपयानेही वाढला नाही आणि दर तोच राहिला असं धरलं (दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडणार नाहीत, फक्त हिशेबासाठी), तर २५ वर्षांत भरलेले १७.८५ लाख सुमारे ५६ लाख होतात.

आता याच माणसाने दहाव्या वर्षी नोकरी बदलली आणि विरारच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट म्हणून पीएफ मोडला. तेव्हा खात्यात असतात १०.८६ लाख. पुढची १५ वर्षं पुन्हा शून्यापासून भरलं तर शेवटी मिळतात साडेवीस लाख. म्हणजे दहाव्या वर्षी उचललेल्या १०.८६ लाखांची खरी किंमत ३५ लाखांहून जास्त होती. घर घेऊ नये असं नाही, घरासाठी पीएफमधून काही रक्कम काढायची सोय आहेच. पण 'नोकरी बदलली, आता जुना पीएफ काढून टाकू' हा जो मुंबईत सर्रास चालणारा प्रकार आहे, त्याची किंमत ही.

त्यात टॅक्सचा फटका वेगळा. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला, तर कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगार म्हणून करपात्र होतं, तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्न म्हणून, आणि पूर्वी घेतलेली ८०सीची सूटही परत मोजली जाते. रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापूनच पैसे हातात येतात. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. आजारपणामुळे किंवा कंपनीच बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर हा टॅक्स लागत नाही.

पाच वर्षं एकाच कंपनीत काढायची गरज नाही. सीप्झमध्ये तीन वर्षं आणि मग ऐरोलीत दोन वर्षं काम केलं आणि जुना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर केला, तर सेवा जोडली जाते. काढून घेतला तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

ट्रान्सफर अडतं कुठे, ते जरा सविस्तर बघू, कारण सगळा मनस्ताप इथेच आहे.

यूएएन हा पीएफचा बारा आकडी नंबर आयुष्यभर एकच राहतो. प्रत्येक नोकरीत त्याखाली वेगळा मेंबर आयडी तयार होतो. त्या आयडीची पहिली अक्षरं तुमचं खातं कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत आहे ते सांगतात. एमएचबीएएन म्हणजे वांद्रे, टीएचव्हीएसएच म्हणजे वाशी. तुम्ही राहता डोंबिवलीत म्हणून ठाण्याच्या कार्यालयात गेलात आणि कंपनीचं खातं वांद्र्याला असेल, तर तिथून वांद्र्यालाच पाठवतील. निघण्यापूर्वी आयडी बघा.

नवीन ठिकाणी रुजू होताना एचआरने जुना यूएएन न विचारता दुसरा काढला, तर दोन नंबर तयार होतात आणि जुना पैसा जुन्यात पडून राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी फॉर्म ११ भरताना जुना यूएएन लिहा.

दुसरी अडचण 'डेट ऑफ एक्झिट'ची. जुन्या कंपनीने तुमची नोकरी संपल्याची तारीख पोर्टलवर टाकली नाही, तर ट्रान्सफर होत नाही. शेवटचा वाटा जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख तुम्हाला स्वतःलाही टाकता येते. पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' असतं. तारीख विचार करून टाका, कारण नंतर ती बदलणं जिकिरीचं. जुन्या आणि नव्या नोकरीच्या तारखा एकमेकांवर चढल्या तर क्लेम तिथेच अडकतो.

तिसरी आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारी अडचण नावाची. मराठी नाव तीन मजली असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आधारवर तिन्ही, पॅनवर कधी आडनाव आधी, पीएफच्या नोंदीत फक्त दोन. लग्नानंतर ज्यांनी नाव बदललं त्यांचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. आधार नव्या नावाने, पॅन माहेरच्या, बँकेचं पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगने. 'कुलकर्णी'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक 'ए' कमी-जास्त झालं तरी क्लेम रिजेक्ट होऊ शकतो. दुरुस्ती नोकरीत असताना कंपनीमार्फत सोपी जाते. ती कंपनी बंद झाल्यावर, किंवा तिथल्या एचआरमधलं ओळखीचं कोणी उरलं नसताना, तीच दुरुस्ती महिनोनमहिने चालते. म्हणून आधार, पॅन, बँक आणि यूएएन या चारही ठिकाणचं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आज एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

नॉमिनेशनचंही तसंच. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव घातलेलं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं. ते नव्याने करावं लागतं आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात. त्याचा हप्ता कंपनी भरते, तुम्ही नाही. घरच्यांना हा विमा आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे तो मागितलाही जात नाही.

पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायची सवय ठेवा. कंपनीने मागच्या महिन्याचा वाटा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं सलग दोन महिने दिसलं तर आधी लेखी विचारा, मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंदवा. स्लिपा जपून ठेवा. तोच पुरावा.

ईपीएस, व्हीपीएफ आणि अडीच लाखांची रेघ

पेन्शनच्या १,२५० वर पासबुकात व्याज दिसत नाही, कारण ते साठवणूक खातंच नाही. त्याचं पेन्शन सूत्राने ठरतं: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगार १५,००० वर अडवलेला. २० किंवा त्याहून जास्त वर्षं सेवा असेल तर २ वर्षं वाढवून मिळतात. २८ वर्षं काम केलेल्याला म्हणजे १५,००० गुणिले ३० भागिले ७०, सुमारे ६,४२८ रुपये महिना, ५८ व्या वर्षापासून. मुंबईत एवढ्यात घरभाडंही निघणार नाही. त्यामुळे 'पीएफची पेन्शन येईल' या भरवशावर म्हातारपण सोडू नका. पेन्शनचा हक्क मिळायला किमान १० वर्षं सेवा लागते. नोकरी सुटताना तेवढी झाली नसेल आणि पुढे पुन्हा नोकरी करायची असेल, तर फॉर्म १०सी (ईपीएसच्या पैशांचा अर्ज) भरताना पैसे मागू नका, स्कीम सर्टिफिकेट मागा. वर्षं शिल्लक राहतात.

१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच १५,००० हून जास्त बेसिक असलेल्या माणसाला ईपीएस लागूच होत नाही. कंपनीचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये जायला हवेत. तरीही कंपन्या चुकून १,२५० पेन्शनमध्ये टाकत राहतात आणि ही चूक उघडकीस येते ती पैसे काढताना. या गटात असाल तर पासबुकातला पेन्शनचा रकाना रिकामाच असला पाहिजे.

१२ टक्क्यांच्या वर स्वतःहून भरायचं असेल तर व्हीपीएफ. एचआरला सांगून बेसिकच्या १०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं, व्याज तेच. कंपनी मात्र आपला वाटा वाढवत नाही. १ एप्रिल २०२१ पासून यावर एक रेघ मारली गेलीये. तुमचा स्वतःचा वाटा (सक्तीचा आणि व्हीपीएफ मिळून) वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, तर वरच्या रकमेवरचं व्याज दरवर्षी करपात्र. महिन्याला साधारण २०,८३३ पर्यंत दुसरं दार मोकळं, त्यापुढे नाही. आणि एकदा ती जादा रक्कम वेगळ्या खतावणीत गेली की तिच्यावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याजही करपात्र राहतं. कंपनीच्या बाजूनेही एक मर्यादा आहे: पीएफ, एनपीएस आणि सुपरॅन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून कंपनीने वर्षाला साडेसात लाखांहून जास्त घातले तर वरचं तुमचं उत्पन्न धरलं जातं. ती फार थोड्यांना लागते.

१३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे १३ निरनिराळे नियम गुंडाळून तीन गट करायचं ठरवलं. त्यासोबतच खात्यात कायम २५ टक्के शिल्लक राहील आणि नोकरी सुटल्यावर पूर्ण हिशेब दोन महिन्यांऐवजी १२ महिन्यांनी होईल, असंही ठरलं. यावर बरीच ओरड झाली. वर दिलेला १०.८६ लाख आणि पस्तीस लाखांचा हिशेब बघितला, तर तो २५ टक्क्यांचा अडसर आम्हाला तरी वाईट वाटत नाही.

जुनी की नवी रिजिम

२०२५-२६ चा हिशेब. पगार १५ लाख (कंपनीचा पीएफ वेगळा). नव्या रिजिममध्ये ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) वजा जाऊन १४.२५ लाखांवर टॅक्स सेससह ९७,५००. जुन्या रिजिममध्ये ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० प्रोफेशनल टॅक्स, ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे ५०,००० आणि वर घरभाड्याचे तब्बल ३ लाख वजा केले तरी टॅक्स येतो १,०६,०८०. म्हणजे एवढं सगळं भरूनही नवीच स्वस्त. जुनी परवडायला मोठं घरभाडं आणि गृहकर्जाचं व्याज असं दोन्हीकडून काही लागतं. मुंबईत भाडी तशी असतात, शिवाय एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) मुंबईत बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत मर्यादा धरतात, त्यामुळे इथे जुनी अगदीच बाद नाही. पण अंदाजाने ठरवू नका, दोन्ही आकडे मांडा.

नव्या रिजिममध्ये पहिल्या दाराशी उरलेली निवृत्तीची एक मोठी सूट आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ८०सीसीडी(२): कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेले पैसे, बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. वरच्याच उदाहरणात बेसिक साडेसात लाख असेल तर १,०५,००० रुपये पगाराऐवजी एनपीएसमध्ये वळवता येतात आणि टॅक्स ९७,५०० वरून ८१,१२० वर येतो. १६,३८० वाचले. अट एकच, हे कंपनीमार्फत जायला हवं. स्वतः ऑनलाइन भरलेले पैसे यात धरत नाहीत. कंपनी एनपीएससाठी नोंदलेली आहे का, हे एचआरला एप्रिलमध्ये विचारा. मार्चमध्ये विचारून उपयोग नाही.

एनपीएस: तिसऱ्या दाराची भानगड

सरकारी नोकरांसाठी एनपीएस १ जानेवारी २००४ ला आलं, महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना ते लागू आहे, आणि १ मे २००९ पासून कुणालाही उघडता येतं. ५०० रुपयांत खातं सुरू होतं, वर्षाला किमान १,००० भरायचे. टिअर १ हे खरं निवृत्ती खातं. टिअर २ मधून केव्हाही पैसे काढता येतात, पण खासगी नोकरदाराला त्यावर टॅक्सची सूट नाही. एजंट दोन्ही एकदम उघडायला लावतात, गरज नसेल तर नको म्हणा.

पैसा शेअर, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांत जातो. त्यामुळे इथे ठरलेला दर नाही, कमी-जास्त होणार. 'ऑटो' निवडलं तर वय वाढेल तसा शेअरमधला वाटा आपोआप घटत जातो. मधल्या पर्यायात ३५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि ५५ व्या वर्षी १० टक्के. तिशीतल्या माणसाने निव्वळ भीतीपोटी सगळं सरकारी रोख्यांत ठेवू नये, एवढंच आमचं म्हणणं.

जुन्या रिजिमवाल्यांना ८०सीच्या वर आणखी ५०,००० ची वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या टप्प्यात ती १५,६०० रुपये वाचवते. त्यासाठी कुलूप मात्र मोठं लागतं. वर्षानुवर्षं नियम होता की ६० व्या वर्षी ६० टक्के रक्कम हातात, करमुक्त, आणि ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घ्यायचीच. डिसेंबर २०२५ मध्ये बिगरसरकारी सदस्यांसाठी तो बदलला: ८० टक्क्यांपर्यंत हातात, किमान २० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, आणि एकूण साठा ८ लाखांच्या आत असेल तर सगळेच काढता येतात. बदल झाला तेव्हा आयकर कायद्यातली सूट मात्र ६० टक्क्यांचीच होती. म्हणून ८० उचलण्याआधी वरच्या २० वर टॅक्स कसा लागेल ते सीएकडून त्या वर्षाच्या नियमांनुसार लिहून घ्या.

अ‍ॅन्युइटी म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन महिन्याचं पेन्शन विकत घेणं. समजा २० लाखांची घेतली आणि दर ६ टक्के मिळाला, तर महिना १०,०००, आणि ते दरवर्षी तुमच्या उत्पन्नात धरून टॅक्स. महागाईनुसार ती सहसा वाढत नाही. पत्नीला किंवा पतीला पुढे चालू राहणारा आणि शेवटी मूळ रक्कम वारसाला परत करणारा पर्याय घेतला तर महिन्याची रक्कम कमी होते. विकणारा मोठा आकडा दाखवतो तेव्हा तो बहुधा परतावा नसलेल्या पर्यायाचा असतो, हे विचारून घ्या.

पीपीएफ: पाच तारीख आणि ३१ मार्च

ज्याला कंपनीचा पीएफ नाही, म्हणजे ट्यूशन घेणारे, मालिकांत काम करणारे, दुकानदार, डॉक्टर, त्यांचा खरा आधार हा. वर्षाला ५०० ते दीड लाख, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज.

व्याज दर महिन्याला, ५ तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सगळ्यात कमी शिल्लकीवर मोजतात. ५ एप्रिलला दीड लाख जमा झाले तर त्या महिन्याचं व्याज मिळालं. ६ तारखेला झाले तर ८८७ रुपये गेले. आणि 'प्रूफ द्यायचंय' म्हणून ३१ मार्चला भरले तर पूर्ण वर्षाचे १०,६५० गेले. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख भरले तर १५ वर्षांनी सुमारे ४०.६८ लाख होतात. एकदम जमत नसेल तर दरमहा १ तारखेचा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, ५ तारखेचा नको. मध्ये बँकेची सुट्टी आली की गेलं.

१५ वर्षं मोजतात ती खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. २० जुलै २०१५ ला उघडलेलं खातं १ एप्रिल २०३१ ला पिकतं, २०३० च्या जुलैत नाही. सातव्या वर्षापासून ठरावीक मर्यादेत काही रक्कम काढता येते, तिसऱ्या ते सहाव्या वर्षात पीपीएफहून १ टक्का जास्त दराने कर्ज मिळतं. एखाद्या वर्षी ५०० भरायचे राहिले तर खातं थांबतं. दरवर्षाचे ५० दंड आणि ५०० थकबाकी भरून ते चालू होतं. मुलाच्या नावाने उघडलं तर तुमची आणि त्याची मिळून मर्यादा दीड लाखच. दोन्हीकडे दीड-दीड लाख भरले तर जादा रकमेवर व्याज नाही.

पिकल्यावर पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. पैसे भरत राहायचं असेल तर एका वर्षाच्या आत तसा फॉर्म द्यावा लागतो. फॉर्म न देता भरत राहिलात तर त्या पैशांवर व्याजही नाही आणि ८०सीही नाही. पोस्टाच्या आणि बँकेच्या काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. काहीच न भरता नुसतं चालू ठेवलं तर साठलेल्यावर व्याज येत राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. निवृत्तांसाठी हे फार सोयीचं आहे, बाहेर आलेल्या प्रत्येक रुपयावर टॅक्स शून्य.

ज्यांची कमाई आणखी तुटपुंजी आहे, घरकाम करणाऱ्या मावशी किंवा वॉचमन, त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना. वय १८ ते ४०, ६० नंतर महिना १,००० ते ५,००० ठरलेलं पेन्शन. ५,००० साठी अठराव्या वर्षी हप्ता २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी १,४५४. आयकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून यात येता येत नाही.

राहिला साठीनंतरचा प्रश्न. निवृत्तीला पीएफची रक्कम पूर्ण करमुक्त मिळते, पण 'राहू दे तिथेच' म्हणून ठेवलीत, तर नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो, आणि ५५ नंतर निवृत्त झालेल्यांचं खातं तीन वर्षांनी व्याज देणंच थांबवतं. त्यातले ३० लाखांपर्यंत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जाऊ शकतात: ८.२ टक्के, पाच वर्षं, दर तिमाहीला व्याज खात्यात. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. ते व्याज करपात्र आहे, म्हणून खातं पती आणि पत्नी दोघांच्या नावाने वेगवेगळं उघडण्याचा विचार अनेकजण करतात. दोघांचंही वय ६० झालेलं असलं तर चालतं. मात्र नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवरचं व्याज आयकर खातं नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतं. पैसा तिचा स्वतःचा, तिच्या पीएफचा किंवा तिने नोकरीत असताना स्वतःच्या कमाईतून भरलेल्या पीपीएफचा असेल, तरच तो तिचा धरतात.